वझरकर साहेबांचा डबा

पालम,
१० जानेवारी २०२४

चि. मैत्रेयीस,
अ. उ. आ. वि. वि.

मी सुखरूप पोचले. परभणीपर्यंत रेल्वेत आणि पुढं एसटीत, वाटेत त्रास काही झाला नाही. तू आदल्या रात्री बांधून ठेवलेली भाजी-पोळी तशीच परत आली, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. सकाळी तुला न उठवता दार ओढून घेतलं आणि निघाले, याचा तुला राग आला असेल. तुझे फोनही मी उचलले नाहीत. फोनवर माझा आवाज फुटतो आणि मग समोरचं माणूसच बोलत राहतं. कागदावर मला कुणी मधे थांबवत नाही.

रविवारी तुझा सिनेमा पाहायला मी हौसेनं आले होते. घरातल्या पोरीनं सिनेमा केला, तोही आपल्या काकांच्या ऑफिसवर, याचं मला अप्रूप होतं. गल्लीत सांगून आले होते. नाव ‘साहेब आत आहेत’, तेही मला आवडलं. ऑफिसात कुणी आलं की किशनराव शिपाई हेच म्हणायचे आणि तुझे काका घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवायचे.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखी हसत होते. बंद पडलेली सूतगिरणी, तिची राखण करायला ठेवलेली तीन माणसं, एक कारकून, एक शिपाई, एक पहारेकरी. कारकून म्हणजे आमचेच, हे मी लगेच ओळखलं. तुझा तो मित्र सिद्धोधन खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला फुंकर मारतो, तेव्हा तुझे काकाच समोर आल्यासारखे वाटले. बरं वाटलं.

मग त्यानं साहेबांच्या खोलीचं दार उघडलं. आत खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीला मफलर होता, माणूस नव्हता. लोक हसले. मला वाटलं साहेब रजेवर असतील. दुसऱ्या दिवशीही खुर्ची रिकामी, तिसऱ्या दिवशीही. मग तिघं वर्तमानपत्र पसरून खाली बसले, डबा सोडला, पुरणपोळ्या निघाल्या, रबर लावलेली तुपाची वाटी निघाली. शिपाई म्हणाला की साहेबांचं पोट बिघडलंय असं काही घरी सांगू नका, नाहीतर उद्या वहिनी मुगाची खिचडी पाठवतील. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते.

मैत्रेयी, त्या पोळ्या माझ्या होत्या. तूप माझं होतं. तो मफलर मी एका दिवाळीत विणला होता, साहेबांना सर्दीचा त्रास म्हणून.

नऊ वर्षं मी वझरकर साहेबांसाठी डबा पाठवला. सणासुदीचा तर पाठवलाच, त्यांना खोकला झाला तेव्हा आल्याचा पाक पाठवला, त्यांची बदली होणार असं ऐकलं तेव्हा चतुर्थ्या धरल्या. रात्री जेवताना तुझे काका साहेबांचं सांगायचे आणि मी ऐकायची. साहेब कुणावर ओरडले, साहेब पालीला कसे भितात, साहेबांच्या बाईसाहेब त्यांना कशा दाबात ठेवतात. आम्हाला मूलबाळ नाही. आमच्या घरात बोलायला साहेबच होते.

तुझे काका गेले तेव्हा दहाव्यापर्यंत मी दाराकडं बघत होते. सगळे आले, साहेब आले नाहीत. नऊ वर्षं ज्यांनी हाताखाली मान घालून काम केलं, त्यांच्यासाठी या माणसाला चार पावलं येववलं नाही, म्हणून तीन वर्षं मी त्याला शिव्या देते आहे.

आता तू मला सांग, साहेब होते की नव्हते? तू मनानं रचलं असशील तर मेलेल्या माणसाला खोटं ठरवलंस. आणि रचलं नसशील तर तुझे काका माझ्या ताटावर बसून नऊ वर्षं खोटं बोलत होते. दोन्हीपैकी काय धरू?

परभणीला पंचवीस फेब्रुवारीला खेळ लावला आहेस, तो करू नकोस. पहारेकरी नागनाथची बायको सरजाबाई माझ्या गल्लीच्या टोकाला राहते. तीही साहेबांना खीर पाठवायची.

आशीर्वाद वर लिहिले आहेत, ते रागातही मागं घेता येत नाहीत.

तुझी काकू,
अनसूया


पुणे,
१७ जानेवारी २०२४

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसले. वर घरात जायचं सुधरेना.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी रचलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी राणीसावरगावला किशनराव काकांकडं दोन दिवस राहिले होते, त्यांनी मला सगळं सांगितलं. ते सांगत होते आणि त्यांची लेक राजेश्री हसून हसून पोट धरत होती. मी विचारलं होतं गं, काकूला हे ठाऊक आहे का म्हणून. ते म्हणाले, अगं, वहिनीच्या पोळ्यांवर तर ऑफिस चाललं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. तुला एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला तुझी गंमत करायची होती. थिएटरात मी मुद्दाम तुझ्या मागच्या रांगेत बसले, डब्याचा प्रसंग आला की तू कशी हसतेस ते बघायला. तुझी मान हलेना तेव्हा मला वाटलं प्रवासानं तुला डुलकी लागली.

काकू, या सिनेमात आमच्याकडं काहीच नव्हतं. एक बंद डाळ मिल, तीन खुर्च्या, मित्राचा कॅमेरा. सिद्धोधन परभणीला शाळेत शिकवतो, म्हणून सगळं दिवाळीच्या सुट्टीत उरकलं. शेडमध्ये वीज नव्हती, छताचा पंखा बाहेरून दोरीनं ओढून फिरवला. ओढणारा दमला की पंखा थांबायचा. लोक त्याला हसतात, त्यांना वाटतं ते मुद्दाम केलंय.

पण लोक नुसते हसत नाहीत. त्या रात्री तू थिएटरातून बाहेर पडलीस तेव्हा एका कचेरीतल्या बाई माझ्यापाशी थांबल्या होत्या. त्यांच्याकडं एक मशीन कधीचं बंद आहे आणि दोन माणसं ते रोज पुसतात. बाहेरचं कुणी आलं की मशीनला हात लावू नका म्हणून दटावतातसुद्धा. त्या म्हणाल्या, मी त्यांना वेडे समजत होते, आता उद्या जाऊन त्यांच्याबरोबर चहा घेईन. एक पेन्शनर म्हणाले, तीस वर्षं नोकरी केली, पण बायकोला सांगण्यासारखं एका आठवड्याचंही काम केलं नाही. मोठ्या सिनेमात ऑफिस म्हणजे काच आणि लिफ्ट. इथं त्यांना आपली खुर्ची दिसते. काकांना कुणी हसत नाही. ते काकांच्या बाजूनं हसतात. पुढं बसून तुला ते तसं ऐकू आलं नसेल, मला कळतं.

साहेबांचा प्रसंग कापता येणार नाही, तो काढला तर सिनेमाच उरत नाही. पण परभणीचा खेळ थांबवणं माझ्या हातात आहे. सिद्धोधनच्या शाळेचा हॉल आहे, एक फोन केला की झालं. तू म्हणशील तसं. तू नाही म्हणालीस तर मी का म्हणून विचारणार नाही.

तो मफलर सिद्धोधनच्या आईचा आहे. तुझ्या विणीची सर त्याला नाही.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहून रागाव. गप्प बसू नकोस.

तुझी,
मैत्रेयी


पालम,
२५ जानेवारी २०२४

चि. मैत्रेयीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू खरं लिहिलंस, म्हणून अर्धा राग गेला. उरलेला कुणावर काढायचा ते मला समजेना झालंय. तू काही लपवलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते. तुझ्या काकांशी भांडायचं तर माणूस कुठं आहे?

मी शाळेत गेलेली नाही हे तुला माहीत आहे. वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून वाचायला शिकले आणि मग तुझे काका गंगाखेडच्या वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायला लागले. कादंबरीतला माणूस खरा नसतो एवढं मला कळतं. पण कादंबरी मिटून फडताळात ठेवता येते. हा साहेब तर आमच्यात जेवायला बसायचा. त्याला काय आवडतं ते मला माझ्या भावापेक्षा जास्त ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी घरातलं एक माणूस गेलं, आता दुसरं गेलं, आणि या दुसऱ्याचं कुणाला सांगताही येत नाही. लोक म्हणतील बाईचं डोकं फिरलं.

भांडी घासताना काहीतरी आठवतं आणि हात थांबतो. साहेबांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मी आहेराला साडी दिली होती. नांदेडहून आणवलेली, मोरपंखी, जरीच्या काठाची. तुझे काका म्हणाले मुलीनं लग्नातच नेसली, सगळ्यांनी नाव काढलं. मग ती कुणी नेसली? की तीही खुर्चीला लटकवली?

किशनरावांना पत्र टाकलं आहे. म्हटलं आहे, आडपडदा ठेवायचा नाही, माझ्या नवऱ्याला सांभाळूनही घ्यायचं नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत परभणीचं तसंच राहू दे.

थंडी आहे, डोक्याला बांधून हिंडत जा. तुझ्या सिनेमात काही घडत नाही आणि तरी माणूस उठून जात नाही, हे मात्र खरं आहे. मी उठायला पाहिजे होतं, तरी शेवटपर्यंत बसले.

माया आहे तेवढीच आहे, कमी झाली असं समजू नकोस.

तुझी काकू,
अनसूया


राणीसावरगाव,
४ फेब्रुवारी २०२४

श्री. अनसूयावहिनीस,
किशनरावचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. दोनदा वाचलं. पोरीनं मला इचारलं व्हतं, काकूला म्हाईत हाय का. मला वाटलं आमचे भाऊसाहेब, तुमचे मालक, जायच्या आदी दवाखान्यात तुमाला सांगून मोकळे झाले असतील. तसं न्हाई झालं तर ही माझी चूक. माझ्या तोंडाला कुलूप न्हाई. गिरणीला लावायचो तेवढंच.

आता तुमी आडपडदा नको म्हणलात तर आयका. गिरणी बंद पडली, आदीचे मॅनेजर साहेब गेले, आन वझरकर नावाच्या नव्या साहेबाची ऑर्डर आली. म्हंजे नाव खरं हाय, वहिनी. मी सवता तेंच्या नावाची पाटी रंगवली, खुर्ची धुऊन उन्हात ठेवली. ते हजर व्हनार त्या दिवशी तुमी पुरणाच्या पोळ्या धाडल्या, नवा साहेब, तेचं तोंड गोड करावं म्हणून. आमी तिघं फाटकावर उभं ऱ्हाऊन संध्याकाळच्या गाडीपर्यंत वाट बघितली. साहेब आले न्हाईत. पोळ्या वापस न्याव्या तर तुमाला वाईट वाटल, टाकाव्या तर अन्न. तिघांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब तोंड पाडून आले. म्हणले, पायातली चप्पल काडली न्हाई तर हिनं इचारलं, आवडल्या का? एवढ्या आशेनं इचारलं की मी आवडल्या म्हणून बसलो. बस, तिथून सुरू झालं. आमाला वाटलं चार रोजात साहेब येतील आन खोटं हाय ते खरं हुईल. पन साहेबांनी दुसरीकडंच बदलीचा हुकूम करून घेतला. आमाला कोणी कळवलं बी न्हाई.

आता नागनाथ तुमच्याच गल्लीतला. तुमी सरजाबाईला बाजारात सांगणार साहेबांना पोळ्या आवडल्या, मंग तेला बी घरी तेच सांगावं लागलं. सरजाबाई काय मागं ऱ्हानारी हाय? तिनं खीर धाडली. तवापासून रोज चार वाजता चहा झाला की भाऊसाहेब कपबशी बाजूला सारून इचारायचे, बोला, आज साहेबांनी काय केलं? तिघांचं एक ठरल्याबिगर घरी जायच्या गाडीत बसायचं न्हाई. नागनाथला वाटायचं साहेबानं रोज कोनाला तरी झापावं. मला वाटायचं माणूस दयाळू असावा. भाऊसाहेब दोन्ही ठेवायचे, सकाळी झापलं आन दुपारी बलावून पाठीवर हात ठेवला. एक डाव नागनाथनं ठरलेलं सोडून घरी सांगितलं की साहेब न्हानीत घसरले. रात्री तुमी भाऊसाहेबांना इचारलं, साहेबांचा पाय कसा हाय? तेंना पत्ताच न्हाई. दुसऱ्या दिवशी नागनाथला असं झाडलं की खऱ्या साहेबानं झाडलं नसतं.

काम म्हणाल तर आमाला तेवढंच काम व्हतं. बाकी कुलपं बघायची आन सावली सरकल तशी खुर्ची सरकवायची. मफलर थंडीत पाळीनं घालायचो. साडी माझ्या राजेश्रीनं नेसली. लगीन खरं व्हतं, बाप तेवढा येगळा व्हता. लय नाव काडलं लोकांनी, हे बी खरं.

भाऊसाहेब एक डाव म्हणले, आज सांगून टाकतो, ही बिचारी चतुर्थ्या धरायलीय. दुसऱ्या दिवशी म्हणले, कसं सांगू किशन, ताट वाढून बसली व्हती, म्हणली आदी साहेबांचं सांगा, मंग जेवा.

आनखी एक. हे पोरीला बी सांगितलं न्हाई. दहाव्याला तुमी दाराकडं बघत व्हता आन आमी दोघं एकमेकांकडं बघत व्हतो. नागनाथचा साडू शाळामास्तर हाय, दिसायला भारदस्त. तेला कोट घालून आनला व्हता, वझरकर म्हणून पाच मिंट बसल आन जाईल म्हणून. पालमच्या स्टँडवर उतरला आन तिथंच बाकावर बसला. म्हणला, बाई एका नजरंत वळखंल, मला तिचा शाप नको. तसाच उलट्या गाडीनं गेला. आमी लय रडलो. भाऊसाहेबांसाठी आन वझरकर साहेबांसाठी बी.

नागनाथच्या घरी अजून कायबी म्हाईत न्हाई. तेचं आता वय झालंय. तेवढं सांभाळा.

चुकलं माकलं पोटात घाला. तुमच्या पोळ्या खाल्लेला,
किशनराव


पालम,
११ फेब्रुवारी २०२४

चि. मैत्रेयीस,
अ. उ. आ. वि. वि.

किशनरावांचं पत्र आलं. तुला वाचायला पाठवीन, आज नको. साहेबांना मी जन्माला घातलं असं त्यातून निघतं. पोळ्या आवडल्या का, एवढंच मी विचारलं होतं. घरी आलेल्या माणसाला कोणती बाई असं विचारत नाही? त्या एका प्रश्नाला तीन माणसं नऊ वर्षं उत्तर देत बसली. काल भात लावला आणि गॅस पेटवायचा विसरले.

आता दुसरं ऐक. परवा नागनाथ आले होते. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, टोपी हातात घेऊन दारातच उभे. सरजाबाईला तुझ्या सिनेमाचं कळलं आहे. तिनं गल्लीभर सांगितलंय की वझरकर साहेब सिनेमात येणार, एवढी वर्षं खीर खाऊ घातली, आता एकदा तोंड तरी बघते. परभणीला जायचं म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलंय. नागनाथ म्हणाले, वहिनी, तेवढा खेळ बंद करायला सांगा. चाळीस वर्षांचा संसार हाय, तिच्यापुढं मी आता कोणत्या तोंडानं बसू? मोठ्या मिशांचा माणूस, हातातल्या टोपीची घडी घालत आणि मोडत होता.

मी सांगितलं की तुला पत्र लिहिते. पण लिहायला बसले आणि वाटलं, खेळ बंद केला तर सरजाबाई म्हणेल साहेबांनीच बंद पाडला. मग ते आणखीच मोठे होतील.

खेळ होऊ दे. पण तू येऊ नकोस. तू समोर असलीस की मला तुझ्याकडं बघून वागावं लागेल. मी तिथं काय करीन ते मलाच ठाऊक नाही. सगळ्यांसमोर उठून सांगीनसुद्धा की हा माणूस माझ्याशी नऊ वर्षं खोटं बोलला आणि तुम्ही काय हसताय. तसं झालं तर तुझ्या सिनेमाचं वाटोळं होईल. आत्ताच सांगून ठेवते.

जेवणाची वेळ पाळत जा. माझा धाक तेवढ्यापुरता तरी असू दे.

तुझी काकू,
अनसूया


पालम,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. मैत्रेयीस,
अ. उ. आ. वि. वि.

सिद्धोधननं तुला फोनवर सांगितलं असेलच, पण तो स्टेजवर होता, त्याला सगळं दिसलं नाही. म्हणून माझ्याकडून ऐक.

शाळेचा हॉल भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, पडद्याला एक सुरकुती, ती नेमकी सिद्धोधनच्या तोंडावर यायची. मी आणि सरजाबाई पुढं, नागनाथ भिंतीकडच्या खुर्चीत, किशनराव राणीसावरगावहून येऊन अगदी मागं बसलेले. सिनेमा सुरू झाल्यापासून सरजाबाई मला विचारायची, साहेब कवा येतेत? खुर्ची दिसली तेव्हाही मोठ्यानं म्हणाली, बाहेर गेले असतील. लोक तिलाच हसले.

मग डबा सुटला. या वेळी मी पोळ्यांकडं बघितलं नाही, सिद्धोधनच्या तोंडाकडं बघितलं. तो पहिला घास मोडतो आणि क्षणभर दाराकडं बघतो. पुण्याला मला ते दिसलंच नव्हतं. पुढं शिपायानं खिरीचं झाकण काढलं, आणि सरजाबाई बोलायची थांबली. तिनं मान वळवून भिंतीकडं नागनाथकडं बघितलं. नागनाथ खाली बघत होते. हॉल हसत होता आणि ती एकटीच ताठ बसली होती. पुण्याला मी अशीच बसले असेन.

दिवे लागले. लोक सिद्धोधनला विचारायला लागले, पंखा कसा फिरवला, कॅमेरा कुणाचा. मग कॉलेजातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर, हे खरंच घडलंय का? साहेब खरोखर नव्हतेच का? सिद्धोधन माझ्याकडं बघायला लागला. समोर त्याचे विद्यार्थी बसलेले, तो काय बोलणार? तेवढ्यात सरजाबाईच उठली. म्हणाली, ह्या पोराला काय इचारता, माझा माणूस तिथं नोकरीला व्हता. आवं, उटा की. सांगा सगळ्यांना, साहेब व्हते का न्हाई.

नागनाथ उभे राहिले. तोंड उघडलं, शब्द निघेना. मैत्रेयी, मला तेव्हा त्यांच्या जागी तुझे काका दिसले, चप्पल अर्धी काढलेली, आणि समोर मी.

मी उभी राहिले. घरून निघताना तोंडात वेगळंच तयार होतं. ते आलं नाही. मी म्हणाले, साहेब होते. मी त्यांच्यासाठी स्वयंपाक केलेला आहे. पण या मुलांकडं पैसा नव्हता, चौथा नट घेणं परवडलं नाही, म्हणून खुर्ची रिकामी ठेवली.

काय हसले लोक! टाळ्या पडल्या. सिद्धोधननं मान हलवली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बसायला पाहिजे होतं, पण सरजाबाईचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता. मग मी म्हणाले, साहेब उंच होते, जरा वाकून चालायचे, आणि एकदा त्यांनी नागनाथना खोलीत बोलावून सांगितलं होतं की खिरीत वेलदोडा थोडा कमी टाकायला सांगा, बाकी अशी खीर आमच्या घरी होत नाही. हे तुझे काका मला कधी बोलले नव्हते. हे माझंच. तोंडातून कसं आलं मला कळलं नाही. मी जन्मात असं बोलले नव्हते आणि इतकं सहज येतं याचा मला मोठा धक्काच बसला.

तेवढ्यात मागून किशनरावांचा आवाज आला की हो, मी दाराशीच उभा व्हतो, जायफळ घाला म्हणले व्हते. नागनाथना वाचा फुटली, ते म्हणाले की खाताना साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. किशनरावांनी असे डोळे वटारले की मला पुढच्या रांगेतून दिसले. जास्त झालं होतं. पण सरजाबाई खाली बसली आणि मला म्हणाली, वेलदोड्याचं मला तवाच वाटलं व्हतं.

परत येताना आम्ही एकाच एसटीत. किशनराव गंगाखेडला उतरले. पुढं रस्ता मोकळा लागला तसं सरजाबाईनं विचारलं की एवढं सगळं खरं, पण मंग भाऊसाहेबांच्या दहाव्याला हा माणूस का आला न्हाई? समोरच्या बाकावरून नागनाथनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांनी काही सांगायच्या आत मीच बोलले. म्हणाले, साहेब त्याच आठवड्यात वारले, सरजाबाई. आम्हाला उशिरा कळलं.

ती हात कपाळाला लावून रडायला लागली. म्हणाली, आन आपण तेला शिव्या घातल्या. मग मलाही रडू आलं. कंडक्टर विचारायला आला, कोण गेलं? नागनाथ म्हणाले, आमचे साहेब.

खेळ जिथं लावायचा तिथं लाव. आणि कुणी विचारलं की साहेब होते का, तर आधी मला विचारून सांगत जा, आपलं सगळ्यांचं एकच असलं पाहिजे.

काकांना ओळखणारी आता मोजकीच माणसं उरलो आहोत, तेव्हा जीव लावत राहा.

तुझी काकू,
अनसूया